एकच सूर्य, दोन दुपारी

हैदराबादच्या जामबागेत वर्षातून दोनदा भर दुपारी सावली पायाखाली जाते. एकदा ९ मेच्या सुमारास, १२ वाजून १२ मिनिटांनी. दुसऱ्यांदा ३ ऑगस्टच्या सुमारास, १२ वाजून २२-२३ मिनिटांनी. त्या क्षणी सूर्य बरोबर माथ्यावर असतो. विजेच्या खांबाची सावली खांबाच्या बुंध्यात शिरते, आणि ओळंबा लावून बांधलेली भिंत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना ऊन पोचतं. महाराष्ट्रात आता हा ‘शून्य सावली दिवस’ शाळाशाळांतून ठाऊक झाला आहे. मे महिन्यात तो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४ला, मुंबईत आणि नांदेडला त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, नागपुरात २६च्या सुमारास. परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा जुलै-ऑगस्टचे ढग असतात. त्यामुळे तो दुसरा दिवस बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

मला कुतूहल आहे ते या दुसऱ्या दिवसाचं, आणि पहिल्याशी त्याच्या तुलनेचं. हे दोन्ही दिवस सूर्याच्या बाजूने जवळजवळ एकसारखे आहेत. दोन्ही दिवशी सूर्य आकाशात त्याच वाटेने चढतो आणि उतरतो. दोन्ही दिवस पावणेतेरा तासांहून थोडे मोठे असतात. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये अर्ध्या टक्क्याने वेगळं असतं, त्यामुळे येणाऱ्या ऊर्जेत फरक पडतो तो जेमतेम एका टक्क्याचा. थोडक्यात, जामबागेच्या वर, वातावरणाच्या माथ्याशी, दोन्ही दिवशी तितकंच ऊन उतरतं. तरी मेच्या त्या दिवसांत हैदराबादचं कमाल तापमान सरासरी ३९ अंशांच्या आसपास असतं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ३०च्या आसपास. नऊ-दहा अंश म्हणजे किरकोळ फरक नव्हे. एकात माणूस दुपारी घराबाहेर पडायला धजत नाही, दुसऱ्यात खिडकी उघडी टाकून झोपतो.

पंचांग उघडलं तर ९ मेला सूर्य भरणी नक्षत्रात असतो आणि ३ ऑगस्टला पुष्य संपून आश्लेषा लागत असतं. आपल्या शेतकऱ्याच्या हिशोबात एक कोरडं नक्षत्र आणि दुसरी पावसाची. सूर्य किती उंच चढला हे तो विचारत नाही, जमीन ओली आहे की कोरडी हे विचारतो. तापमानाचं बरंचसं मर्म त्या प्रश्नात आहे, आणि ते समजून घ्यायला जामबागेसारखी जागा मला फार सोयीची वाटते.

जामबाग म्हणजे जुन्या हैदराबादच्या उत्तरेला, मुसी नदी ओलांडून आलं की लागणारी दाट वस्ती. एका अंगाला कोठी आणि सुलतान बाजार, दुसऱ्या अंगाला मोअज्जम जाही मार्केटची दगडी इमारत. मराठी माणसाला हा भाग परका नाही. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था इथेच आहे. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबादच्या राज्यात होता, तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादकडची मुलं शिकायला याच शहरात येत. परीक्षा आटोपून ती उन्हाळ्यात गावी जात आणि मृगाच्या आगेमागे परत येत. हैदराबादचा उन्हाळा आणि मराठवाड्याचा उन्हाळा यांची तुलना त्या पिढ्यांनी अंगावर केली आहे.

परळीहून उदगीर, बीदर, विकाराबाद अशा गाडीने आलं की खिडकीतून जमीन बदलताना दिसते. आधी काळी माती, दख्खनच्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची लेक. बीदरजवळ लाल जांभा. मग विकाराबाद मागे पडलं की एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे सुरू होतात. हा हैदराबादचा दगड अडीचशे कोटी वर्षांचा आहे. ऊन पडतं ते या सगळ्यावर सारखंच, पण काळी माती, जांभा आणि धोंडा यांतलं कोण किती तापतं आणि कधी निवतं हे वेगवेगळं आहे. मेमधल्या दुपारी काळ्या रानातून अनवाणी चालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आता सूर्याच्या बाजूचा हिशोब आधी संपवू, कारण तो सरळ आहे. पृथ्वीच्या अंतरावर सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. जमिनीवर किती पडेल हे सूर्य किती उंचीवर आहे यावर ठरतं. ९ मेला दुपारी जामबागेत तो ९० अंशांवर असतो. २१-२२ डिसेंबरला तिथेच, दुपारी, तो दक्षिणेकडे कललेला, ४९ अंशांवर असतो. तिरप्या उन्हाचा तोच झोत जास्त जमिनीवर पसरतो आणि दर चौरस मीटरला जवळजवळ चौथा हिस्सा कमी मिळतो. शिवाय तिरपा किरण हवेतून लांबची वाट चालून येतो, आणि डिसेंबरचा दिवस जूनच्या दिवसाहून दोन तासांनी लहान असतो. हिवाळा होतो तो या तीन कारणांनी. अंतराशी त्याचा संबंध नाही. उलट पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब असते ती जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २० लाखांवर. जानेवारीत एकूण सात टक्के जास्त ऊर्जा पृथ्वीवर येत असते आणि हैदराबादचा माणूस तेव्हाच पहाटे स्वेटर घालून चहाच्या टपरीवर उभा असतो.

मधले तीन महिने, मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, जामबागेत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. सावल्या दक्षिणेकडे पडतात. एरवी भर दुपारी सावलीत असलेल्या उत्तरेकडच्या भिंतीला या दिवसांत दुपारचं ऊन लागतं. जुन्या हैदराबादी घरांत उत्तरेकडच्या खिडकीवरही छज्जा काढलेला दिसतो, त्याचा उपयोग या दिवसांत कळतो.

सूर्य बाराच्या पुढे १२ मिनिटांनी माथ्यावर येतो, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि हैदराबाद त्याच्या चार अंश पश्चिमेला आहे. पण सर्वांत जास्त उकाडा १२:१२ला नसतो. तो तिसऱ्या प्रहरी, अडीच-तीनच्या पुढे असतो. हा उशीर बारकाईने पाहण्यासारखा आहे. सूर्याचा बहुतेक प्रकाश स्वच्छ हवेतून आरपार जातो, हवा त्याने फारशी तापत नाही. तापते ती जमीन, आणि हवा तापते जमिनीला टेकून, खालून वर. सूर्य कलायला लागला तरी जमिनीत येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते तोवर पारा चढतच राहतो. जमेचा आणि खर्चाचा आकडा जुळला की तो थांबतो. घरखर्चाच्या वहीसारखा हा जमाखर्च आहे: तापमान कळतं ते नुसत्या मिळकतीवरून नव्हे, खर्च कुठे आणि किती झाला आणि मागे काय शिल्लक राहिलं त्यावरून.

हैदराबादने आकाशाच्या नोंदी मांडायला लवकर सुरुवात केली. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी फिसलबंड्याला स्वतःच्या खर्चाने वेधशाळा काढली, तीच पुढे निजामिया वेधशाळा झाली आणि बेगमपेठेत गेली. या वेधशाळेने ताऱ्यांच्या जागतिक नकाशात आपला वाटा उचलला.  बेगमपेठेच्याच हवामान केंद्रावर २ जून १९६६ला ४५.५ अंशांची नोंद आहे. ही नोंद कशाची असते हे लक्षात ठेवलं पाहिजे. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर वर, सावलीत आणि वाऱ्यात टांगलेल्या तापमापकाची ती नोंद असते. ती हवेच्या तापमानाची नोंद आहे. डांबरावर बसलेल्या माणसाची नाही, पत्र्याखाली निजलेल्या बाळंतिणीचीही नाही. वर्तमानपत्रात ‘४१ अंश’ छापून येतं तेव्हा जामबागेच्या रस्त्याचं डांबर ६०च्या घरात असू शकतं.

जमिनीवर पडलेल्या उन्हाचं पुढे काय होतं ते मी एका गच्चीवर पाहिलं. जामबागेतलं जुनं तीन मजली घर, वर उघडी सिमेंटची गच्ची, आणि घरातल्या काकू मूळच्या उदगीरकडच्या. एप्रिल उतरत होता. गच्चीवर जुन्या सुती लुगड्यांवर कुरडया घातलेल्या. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवून सोऱ्याने पाडलेल्या, अजून ओलसर आणि पारदर्शक. शेजारी बटाट्याचे पापड. उडदाचे पापड मात्र जिन्याच्या खोलीत, सावलीला.

‘‘ते इथे का नाही घातले, काकू?’’

‘‘अहो, उडदाचा पापड अशा उन्हात तडकतो. त्याला वारा पुरतो. कुरडईला मात्र कडक ऊनच लागतं, नाहीतर वास धरते.’’

मी चपला काढल्या होत्या. गच्चीच्या सिमेंटवर दोन पावलंही टाकवत नव्हती. पण लुगड्यावर, ओल्या कुरडयांच्या मधे, हात ठेवला तर थंड लागलं. एकच ऊन, हातभर अंतर, आणि एकीकडे तळवे पोळतायत, दुसरीकडे गारवा. काकूंना यात नवल वाटलं नाही. ‘‘ओलं आहे तोवर गारच राहणार,’’ म्हणाल्या. ‘‘दुपारच्याला उलटवायचं. खालची बाजू सुकली की मग तापायला लागते. हाताला गरम लागली की समजायचं झाली.’’

कुरडई गरम लागली की ती वाळली, हा काकूंचा मापदंड भौतिकशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरतो. एक लिटर पाणी तीस अंशांच्या आसपास वाफ होऊन जायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. स्वच्छ दुपारी जमिनीवर चौरस मीटरला साधारण हजार वॅट ऊन पडतं असं धरलं तर ही झाली चाळीस मिनिटांची पूर्ण मिळकत. जोवर पाणी आहे तोवर ऊन पाणी उडवण्यात खर्च होतं आणि वस्तू तापत नाही. पाणी संपलं की सगळी मिळकत तापण्यात जाते. वाफेबरोबर गेलेली उष्णता हरवत नाही. ती वाफेत दडून राहते आणि वर कुठेतरी ढग झाला की तिथे मोकळी होते.

भरणीतली जमीन ही वाळलेली कुरडई आहे. जानेवारीपासून फारसा पाऊस नसतो, तळी आटत आलेली असतात, मातीच्या वरच्या थरात ओल उरलेली नसते. आलेलं सगळं ऊन जमिनीला आणि जमिनीवरून हवेला तापवतं. वर आकाश निरभ्र, म्हणून दुपारी ३९-४०. त्याच कोरडेपणामुळे रात्री उष्णता आकाशात निसटते आणि पहाटे पारा २६च्या आसपास येतो. तेरा अंशांची चढउतार. पुष्य-आश्लेषेत चित्र उलटं होतं. जाड ढग त्यावर पडलेल्या उन्हाचा अर्ध्याहून जास्त भाग वरच्या वर परत पाठवू शकतो. उरलेलं खाली येतं ते ओल्या मातीवर, पानांवर, साचलेल्या डबक्यांवर. त्याचा मोठा हिस्सा पाणी उडवण्यात जातो. दुपार ३०च्या फार पुढे जात नाही, आणि रात्री ढगांच्या पांघरुणाखाली पारा २२-२३च्या खाली उतरत नाही. दहा अंशांचा तो फरक असा ढग आणि ओल या दोघांनी मिळून केलेला असतो. सूर्याने यात काहीच वेगळं केलेलं नसतं.

जामबागेच्या घराघरांतला कूलर हेच सिद्ध करतो. गवताच्या ताट्या, त्यांवर पाणी, मागे पंखा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्यातून गार झुळूक येते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तोच कूलर लावला तर खोली दमट होते आणि अंगाला घाम चिकटतो, कारण हवेत आणखी वाफ मावायला जागा राहिलेली नसते. म्हणून मृगाचे पाऊस स्थिरावले की हैदराबादेत कूलर खिडकीतून निघतात आणि माळ्यावर जातात.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे आणि थोडक्यात सांगता येते. मुंबई हैदराबादच्या दीड-पावणेदोन अंश उत्तरेला, म्हणजे मेमध्ये ऊन तितकंच. कमाल तापमान मात्र ३३-३४. पाणी तापायला वजनाला ग्रॅनाइटच्या पाचपट उष्णता लागते, शिवाय समुद्र ढवळत राहतो आणि त्याचं ऊन खोलवर मुरतं. मुंबईचं दुखणं तापमानाचं नाही, वाफेचं आहे.

आता जामबाग सोडून जरा लांब पाहू, कारण जूनमध्ये जामबागेवर येणारा ढग लांबून येतो. १६९३ साली एडमंड हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने गणित मांडलं की कुठल्या अक्षांशावर सूर्याची किती उष्णता पोचते. त्याला आढळलं की उन्हाळ्याच्या सर्वांत मोठ्या दिवशी उत्तर ध्रुवावर चोवीस तासांत मिळणारी ऊर्जा ही विषुववृत्तावर संपातदिनी मिळणाऱ्या ऊर्जेच्या सव्वापट असते. ध्रुवावर सूर्य जेमतेम साडेतेवीस अंश वर येतो, पण मावळतच नाही. आजही हे गणित बरोबर ठरतं. मिळकतीवरूनच तापमान ठरलं असतं तर जूनमध्ये लोकांनी उकाड्याने हैराण होऊन ध्रुवावरून जामबागेत पळून यायला हवं होतं. पण ध्रुवावरचं बर्फ पडलेलं बरंचसं ऊन परतवून लावतं, आणि जे घेतं ते बर्फ वितळवण्यात जातं. पारा शून्याच्या आसपास अडकून पडतो.

सबंध पृथ्वीचा जमाखर्च असा: दिवसरात्र आणि सगळे अक्षांश धरून सरासरी चौरस मीटरला ३४० वॅट येतात. त्यातले सुमारे तीस टक्के ढग, बर्फ, वाळवंटं आणि हवा परत पाठवतात. उरलेले २४० वॅट पृथ्वी घेते आणि तेवढेच उष्णतेच्या अदृश्य किरणांनी अवकाशात परत करते. हवेचं पांघरूण नसतं तर या हिशोबाने पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे. मधले ३३ अंश वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायूंच्या पांघरुणाचे आहेत. पण हा ताळेबंद सगळीकडे सारखा जुळत नाही. विषुववृत्तापासून साधारण ३५-३८ अंशांपर्यंत वर्षभरात मिळकत जास्त, त्याच्या पलीकडे खर्च जास्त. शिल्लक एका बाजूला साचत नाही, कारण वारे आणि समुद्रप्रवाह ती ध्रुवांकडे वाहून नेतात. वाऱ्यांचं सगळं येणंजाणं या असमतोलातून सुरू होतं.

आपला मान्सूनही याच कुळातला. एप्रिल-मेमध्ये राजस्थान-सिंधकडची कोरडी जमीन तापून तिथे हवेचा दाब उतरतो. दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा लागत असतो. समुद्रावरून वारा विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याला वळसा घालून, अरबी समुद्रावरची वाफ घेऊन येतो. हिंदी महासागरावर पडलेलं ऊन त्या वाफेत साठवलेलं असतं आणि सह्याद्रीवर, मराठवाड्यावर, तेलंगणावर ढग होताना ते सुटतं. मेमध्ये जामबागेला तापवणारी जमीन आणि ऑगस्टमध्ये तिला निववणारा पाऊस ही एकाच साखळीची दोन टोकं आहेत. हॅलीने १६८६ साली मान्सूनच्या वाऱ्यांचा नकाशा काढला तेव्हा तो याच कारणापाशी पोचला होता. पृथ्वीच्या फिरण्याने वारा कसा वळतो हे त्याच्या हाती आलं नव्हतं, ते पुढे जॉर्ज हॅडलीने १७३५ साली जोडलं.

भारतात जमिनीवर नेमकं किती ऊन पडतं हे मोजण्याचं काम पुण्याने केलं, आणि त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात एका स्त्रीला जातं. अण्णा मणी, १९१८ साली केरळातल्या पीरमेड इथे जन्मलेल्या. १९४८मध्ये त्या पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात आल्या. परदेशी उपकरणं मागवण्यापेक्षा ती इथे बनवावीत या हट्टाने त्यांनी तो विभाग उभा केला, आणि १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं बसवलं. त्यांचा भारतातल्या सौर किरणोत्सर्गाच्या नोंदींचा ग्रंथ १९८०मध्ये निघाला. आज छपरावर सौरपट्ट्या बसवताना जे आकडे गृहीत धरले जातात त्यांच्या मुळाशी हे काम आहे. पुण्यात शिमला ऑफिसवरून जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे? व्हायला हवं.

त्या नोंदींतून पुढे जे निघालं ते चक्रावणारं आहे. पुढच्या अभ्यासकांनी १९७१पासूनचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत देशात जमिनीपर्यंत पोचणारं ऊन कमी होत गेलं होतं. धूर, धूळ आणि काजळीने ते अडवलं होतं. आणि त्याच काळात तापमान वाढत होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२०च्या राष्ट्रीय अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. सूर्य स्वतः जास्त तापलाय का? १९७८पासून उपग्रह त्याच्यावर नजर ठेवून आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात त्याची ऊर्जा एक दशांश टक्क्याने खालीवर होते, त्यापलीकडे तिच्यात वाढ नाही. मिळकत तीच, किंबहुना जमिनीवर थोडी कमी, आणि शिल्लक वाढलेली. वाढ झाली ती पांघरुणात, म्हणजे आपण जाळलेल्या कोळशाच्या आणि तेलाच्या धुरातून हवेत राहिलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये. ‘यंदा सूर्य आग ओकतोय’ हे वाक्य आपण दर मेमध्ये छापतो आणि वाचतो. सूर्यावर हा आळ आहे.

शहर त्यात आपली भर घालतं. मोअज्जम जाही मार्केटची इमारत १९३५ची, ग्रॅनाइटची. दगड हळू तापतो आणि हळू निवतो. संध्याकाळी सातला त्या भिंतीजवळ उभं राहिलं तर दिवसाची धग अंगाला लागते. तिथे मात्र उंच छत आणि समोर मोकळा चौक आहे, उष्णतेला वर जायला वाट आहे. जामबागेच्या आतल्या गल्ल्यांत तशी वाट नाही. दोन्ही बाजूंना चार-चार मजले, मधे दुचाकी जाईल एवढी जागा, भिंतींवर एसीचे मागचे पंखे गल्लीतच गरम हवा टाकत असलेले. रात्री भिंतींनी सोडलेली उष्णता समोरच्या भिंतीवर जाते, आकाशाची फट अरुंद. रात्र निवत नाही. पूर्वी या भागात फुलांचा मोठा बाजार भरे, नंतर तो गुडीमलकापूरला गेला. पण मोअज्जम जाही मार्केटच्या परिसरात हारवाले अजून बसतात, आणि झेंडूच्या ढिगावर ओलं पोतं टाकून, वर सतत पाणी शिंपडून माल टिकवतात. काकूंच्या कुरडयांचं शास्त्र इथे उलटं वापरलेलं: पाणी संपू द्यायचं नाही. फुलं त्या पोत्याखाली गार राहतात. पोतं टाकणारा माणूस डांबरावर उकिडवा बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर फार तर प्लास्टिकची निळी ताडपत्री असते.

घरांचंही असंच. जुन्या घरांत दीड हात जाडीच्या चुन्याच्या भिंती होत्या. बाहेरची उष्णता आत पोचेपर्यंत मध्यरात्र होई, तोवर बाहेर गारवा असे. सिमेंटच्या सहा इंची स्लॅबमधून ती चार-पाच तासांत आत येते, म्हणजे बरोबर संध्याकाळी माणसं घरी परतताना. पत्र्यातून ती लगेच येते. सर्वांत वरच्या मजल्यावर आणि पत्र्याखाली कोण राहतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. भाडं तिथेच कमी असतं. उन्हाळ्यातली उष्णतेची विषमता अक्षांशांवर जेवढी मोजतात तेवढीच एका इमारतीतल्या मजल्यांवर मोजावी, असं मला मनापासून वाटतं. तळमजल्यावरचा दुकानदार आणि पत्र्याखालचा त्याचा नोकर एकाच पिनकोडात राहतात, पण एकाच हवामानात नाहीत.

यावरचा उपाय महाग नाही, आणि हैदराबादनेच तो मोजून दाखवला आहे. इथल्या ट्रिपल आयटीतल्या आणि अमेरिकेच्या बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी शहरातल्या एका इमारतीच्या छपरांना पांढरा, ऊन परतवणारा लेप देऊन विजेचा खर्च तपासला. २०१२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काळ्या छपराच्या जागी पांढरं केलं तर छपराच्या दर चौरस मीटरमागे वर्षाला २० ते २२ युनिट वीज वाचते, उघड्या काँक्रीटच्या जागी केलं तर १३-१४. नुसतं ऊन परत पाठवण्याने. एप्रिल २०२३मध्ये तेलंगण सरकारने शीतल छपरांचं धोरण जाहीर केलं, पाच वर्षांचं. ३०० चौरस किलोमीटर छपरं पांढरी करायची, त्यातली २०० हैदराबादेत. कार्यालयं आणि व्यापारी इमारतींना ते सक्तीचं आहे. घरांपैकी ६०० चौरस यार्डांच्या आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांनाच सक्ती आहे. जामबागेच्या गल्लीत एवढा प्लॉट क्वचित. तिथल्या छपरांचं काय, ते घरमालकाच्या मर्जीवर राहतं, आणि पत्र्याखालच्या भाडेकरूला मालकाची मर्जी विचारायचं धाडस नसतं. पहिला हात तिथे फिरायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्याला स्वतः करायचं आहे त्याने मार्चच्या आत करावं. गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, भेगा बुजवून मग लेप. नुसत्या चुन्यानेही फरक पडतो, पण तो पहिल्या पावसाळ्यात उतरतो. बाजारातले लेप काही वर्षं टिकतात. राखाडी काँक्रीट पडलेल्या उन्हातलं बहुतेक पिऊन टाकतं, ताजा पांढरा लेप त्यातलं सत्तर-ऐंशी टक्के परत पाठवतो. मात्र हैदराबादेत धूळ फार. वर्षभरात पांढऱ्याचा राखाडी होतो आणि बराचसा फायदा धुळीखाली जातो. म्हणून दर होळीच्या सुमारास गच्ची धुवायची, वाळवण घालायच्या आधी. काकू ती तशीही धुतातच.